वेंगुर्ल्याच्या काकांना, अलास्काची बोट करून आल्यावर

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाच पाठवता आलं असतं. पण तुम्ही फोनवर जे जे सांगितलंत ते इतकं उपयोगी पडलं, की ते आमच्याच घरात राहू नये असं मनापासून वाटतं. आमच्या वयाची कितीतरी जोडपी मुलांकडे अमेरिकेला जातात, आणि मुलं हौसेने सिएटलहून अलास्काच्या क्रूझचं बुकिंग करून ठेवतात. त्यांच्याही हाती हे लागावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

तुमची माझी ओळख ती काय, शेजारणीचे वडील एवढीच. तुम्ही आयुष्यभर परदेशी बोटींवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या सांभाळणारे, होतात, हे तिच्याकडूनच कळलं आणि मी भीत भीत फोन केला. "काका, बरोबर काय काय नेऊ?" असं विचारलं, तर तुम्ही उलट विचारलंत, "बोट कॅनडाक लागता काय?" आणि मग म्हणालात, "आधी कागद, मगे कपडे. कपडे थंय इकत गावतले, कागद गावाचे नाय."

ह्या एका प्रश्नासाठी तुमचे किती आभार मानू! सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी बोट, सगळी बंदरं अलास्काची, मग कॅनडाचा संबंध काय, असंच आम्ही समजून होतो. तुम्ही कार्यक्रमपत्रिका वाचायला लावलीत. शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया! १८८६ सालचा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाला नुसती अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवाशांची फेरी करता येत नाही, वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठ्या क्रूझ बोटींवर झेंडा बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा नेदरलँड्सचा असतो. म्हणून सिएटलच्या बोटी संध्याकाळचे चार तास का होईना, व्हिक्टोरियाला थांबतात. आणि त्या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो, मग तो बोटीवरून खाली उतरो न उतरो. मुलाकडे ग्रीन कार्ड असल्याने त्याला पासपोर्ट आणि कार्ड पुरेसं होतं, त्यामुळे आम्हाला व्हिसा लागेल हे त्याच्या ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं. आम्ही इथे असतानाच पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. अर्ज करून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते, त्यामुळे तुमचा फोन तिकिटं काढायच्या आधी झाला हे आमचं भाग्य. अमेरिकेचा व्हिसाही अनेकदा प्रवेश देणारा हवा, हे तुम्ही वर सांगितलंतच, कारण व्हिक्टोरियाहून परतताना तो पुन्हा अमेरिकेत प्रवेशच असतो.

कागद झाल्यावर तुम्ही सामानाची यादी द्याल असं वाटलं होतं. तुम्ही यादी दिली नाहीत, एक रीत दिलीत. प्रत्येक वस्तू हातात धरायची आणि विचारायचं, ही मला कुठल्या वेळी लागणार आणि त्या वेळी ती कुठल्या बॅगेत असणार? बोटीवरचं सामान लावणं म्हणजे वेळेचा हिशेब, हे मी तुमच्याकडून शिकले.

कारण बोटीचा पहिला दिवस वेगळाच असतो. धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालांच्या हवाली करायच्या, आणि त्या केबिनच्या दारात कधी येतील ते सांगता येत नाही. तुम्ही मला आतली बाजू सांगितलीत: त्याच सकाळी आधीचे प्रवासी उतरलेले असतात, दुपारी नवे चढतात, आणि मधल्या काही तासांत हजारो बॅगा खालच्या डेकवरून वर पोहोचवायच्या असतात. कागदी लेबल फाटलं की ती बॅग कुणाची हे कळायला मार्ग नाही. म्हणून लेबलावर आधी चिकटपट्टी, मग स्टेपल. शिवाय बॅगेच्या आत सगळ्यात वर नाव आणि केबिन क्रमांक लिहिलेला कागद. आमची एक बॅग रात्री जेवण होऊन गेल्यावर आली. तोवर आम्हाला काही अडलं नाही, कारण पासपोर्ट, औषधं, चष्मे, चार्जर, एक एक स्वेटर आणि रात्रीचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत होते. आजूबाजूला बरीच मंडळी विमानातल्या त्याच कपड्यांत बसलेली दिसली.

ह्यांच्या इन्सुलिनबद्दल तुम्ही जे सांगितलंत त्याचं मोल मला शब्दांत करता येणार नाही. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही, विमानात तर नाहीच, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा नुसता गारवा देतो, औषधाला पुरेल इतका थंड नसतो, म्हणून बुकिंगनंतर लगेच औषधासाठी फ्रिज मागून ठेवायचा. आणि वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, त्यासाठी वेगळा डबा मागायचा. "तो कचरो हातान उचलणारो माणूस असता," एवढंच तुम्ही म्हणालात. आम्ही पहिल्याच दिवशी डबा मागितला. स्टुअर्डने तो आणून दिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं त्याचे धनी तुम्ही आहात.

औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, आणि तीत कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव, हेही फार कामाचं. आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणून मिळतं, हे माहीत नसेल तर माणूस दुकानात उभाच राहील. बोटीवर डॉक्टर असतो पण त्याचं बिल वेगळं येतं, आणि हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर तो खर्च आपल्या कल्पनेपलीकडचा. मुलाने आमचा विमा घेतला होता. तुम्ही सांगितल्यावर आम्ही तो पुन्हा उघडून पाहिला, समुद्रावरचे उपचार आणि असं हलवणं त्यात धरलंय की नाही ते.

केबिनच्या गोष्टी पटकन सांगते, कारण त्या छोट्या आहेत पण रोज लागतात. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या, म्हणून चुंबकाचे हुक न्यावेत. ओली जाकिटं, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीवर जातं. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या की खोली मोकळी. इस्त्री आणि विजेची किटली नेली तर तपासणीत काढून घेतात, आणि सर्ज प्रोटेक्टरवालं, म्हणजे जादा दाबाची वीज अडवणारं, एक्स्टेन्शनही. बोटीवर आगीइतकी दुसरी कशाचीच भीती नसते, हे तुम्ही समजावून सांगितल्यावर त्यात जाच वाटला नाही. जून महिन्यात अलास्काच्या राजधानीत, जुनोला, रात्री दहापर्यंत उजेड आणि पहाटे चारच्या आत पुन्हा सूर्य, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी हवीच.

आणि पहिल्या दिवशीची ती सुरक्षा कवायत, संकटात कुठे जमायचं ते शिकवणारी! तुम्ही एवढं गंभीरपणे बोललात की आम्ही घरातल्या सगळ्यांना घेऊन आमच्या जागेवर आधीच जाऊन उभे राहिलो. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. धोक्याची खूण म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो आवाज मला अजून पाठ आहे.

कपड्यांचं आता. थंडी म्हणून मी जाड कोट काढून ठेवला होता. तुम्ही तो परत कपाटात ठेवायला लावून थरांवर थर सांगितलेत. आत सुती, मग लोकर, वर टोपीवालं पाणी न शिरणारं जाकीट. छत्री नको, कारण धक्क्यावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही. अलास्काच्या केचिकान बंदराला वर्षाला सुमारे ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा कितीतरी जास्त, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर पडत राहतो. आम्ही उतरलो तेव्हाही पडत होता. पायांत दुसरा कोरडा जोड असणं म्हणजे काय सुख, ते तिथे कळतं. पण तुमच्या थरांची खरी परीक्षा झाली ग्लेशियर बे मध्ये, म्हणजे राष्ट्रीय उद्यानातल्या हिमनद्यांच्या खाडीत. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी, पार्कचे रेंजर बोटीवर चढून माहिती देतात, आणि मार्जरी हिमनदीसमोर बोट हळूहळू गोल फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. बर्फावरून येणारा वारा हाडांत शिरतो. काठावरचा निळा बर्फ तुटून पाण्यात कोसळला की आधी दिसतं आणि आवाज मागून येतो. बरेच लोक दहा मिनिटांत कुडकुडत आत गेले. आम्ही दोघं, मोजे-हातमोजे-कानटोपीसकट, दुर्बीण घेऊन शेवटपर्यंत कठड्याशी होतो. दुर्बीण माणशी एक न्या, असं तुम्ही म्हणाला होतात. अगदी खरं; त्या क्षणी कुणी कुणाला देत नाही.

समारंभाच्या रात्रीसाठी मी इरकल नेसले. हलकी, चुरगळली तरी चालते, इस्त्रीची अडचण नाही. ह्यांना एक जाकीट पुरलं.

स्कॅगवेला गेल्यावर तुमची फार आठवण झाली. १८९७-९८ च्या सोन्याच्या धावपळीत ह्याच गावातून माणसं डोंगर ओलांडून कॅनडातल्या क्लोंडाइककडे जात. खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभर पुरेल एवढा शिधा बरोबर नसेल तर पुढे सोडत नसत. अवजारं धरून ते ओझं माणशी टनभर व्हायचं आणि ते खेपा घालून वर न्यावं लागे. व्हाइट पास ह्या खिंडीच्या वाटेवर हजारो घोडे मेले. आता तिथे १९०० साली पूर्ण झालेली अरुंद रुळांची गाडी जाते, आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा थोडे रुंद रूळ, कड्याला चिकटून चढते. खिडकीतून ती जुनी पायवाट दिसली. एका चुकीच्या ओझ्यापायी माणसाचे काय हाल होतात, ते डोळ्यांपुढे उभं राहिलं.

समुद्र लागण्याबद्दल तुम्ही म्हणालात ते जसंच्या तसं घडलं. अलास्काच्या बेटांमधलं पाणी शांत असतं, पण सिएटलहून बोट व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या पॅसिफिकमधून जाते, तेव्हा त्रास झालाच तर पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. केबिन खालच्या डेकवर आणि मधोमध घ्यायला तुम्ही लावलंत. आलेपाकाचं सीलबंद पाकीट बरोबर होतंच. घरचे लाडू-चिवडा चालणार नाहीत, दुकानातलं सीलबंदच न्या, हेही तुमचंच, आणि बोटीवरचं फळ खिशात घालून बंदरावर उतरू नका, हेही.

जेवणाचं तर काय सांगू. "शाकाहारी म्हटल्यार पास्ता देतले, भारतीय शाकाहारी असां सांगा," असं तुम्ही बजावलं होतंत. बुकिंगच्या वेळी कळवलं, आणि पहिल्या रात्री मुख्य वेटरला पुन्हा भेटलो. तो मडगावचा निघाला. दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री वरण आणि एक भाजी आमच्या टेबलावर येई. त्याने आदल्या रात्रीच विचारून ठेवायचं, आम्ही सांगायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही तुम्हाला कळवते.

घड्याळाचा तुमचा नियम आम्ही चौघांनीही पाळला. अलास्का सिएटलच्या एक तास मागे. फोन आपोआप वेळ बदलतो, कधी बदलत नाही, म्हणून मनगटावर साधं घड्याळ आणि त्यावर फक्त बोटीची वेळ. फोन समुद्रावर विमान मोडमध्ये, नाहीतर उपग्रहाच्या रोमिंगचं बिल छातीत धडकी भरवतं. बोट उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही, आणि जुनोहून तर बाहेर जायला रस्ताच नाही, विमान किंवा बोट एवढंच. व्हेलची सहल म्हणूनच बोटीच्या कंपनीकडून घेतली. त्यांची सहल लांबली तर बोट थांबते.

टिपचा हिशेबही तुमच्यामुळे मनासारखा झाला. बोटीच्या बिलात रोज माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास सेवाशुल्क लागतंच. काही लोक ते काउंटरवर जाऊन काढून टाकतात. तुम्ही तेवढ्याच एका गोष्टीबद्दल रागाने बोललात. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरी न जाता, एकही सुट्टी न घेता जी माणसं राबतात त्यांचा वाटा त्यातच असतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! आम्ही ते तसंच ठेवलं आणि स्टुअर्डच्या हाती वेगळं पाकीट दिलं, बरोबर त्याच्या नावाने कौतुकाचं पत्र कंपनीला लिहिलं. पत्राने पुढच्या कामाला मदत होते, असं तुम्ही सांगितल्यावर मुलाने ते त्याच रात्री लिहिलं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, आणि दुसऱ्या सकाळचे कपडे, चपला, औषधं, पासपोर्ट आधी बाजूला काढायचे. पलंगावर ते नीट मांडून मगच बॅगांना कुलूप लावलं. ज्यांना स्वतःचं सामान ओढत नेता येतं त्यांनी बॅगा बाहेर ठेवूच नयेत, ते सगळ्यात आधी उतरतात, हे तरुणांसाठी लिहून ठेवते.

काका, तुमचं सगळं मी एका वहीत उतरवून घेतलं होतं. आता ती वही माझ्या नणंदेने नेली आहे, कारण ती मुंबईहून लक्षद्वीपच्या बोटीने जाणार आहे. तिच्यासाठी एक विचारायचं आहे. आगत्तीला बोट धक्क्याला लागत नाही, समुद्रातच उभी राहते आणि लहान होडीतून बेटावर नेतात असं कळलं. तिचे गुडघे दुखतात. होडीत उतरताना आधार देतात का, की त्या दिवशी तिने बोटीवरच राहावं? सवडीने फोन केलात तरी चालेल, ती वही घेऊन बसेल.

तुमची ऋणी,
शेजारीण, कोल्हापूर