अण्णा, तुमच्यामुळे ऑर्डर सापडते

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

मार्चअखेरीला तुमचा निरोप समारंभ झाला. शाल-श्रीफळ दिलं, पण बोलायची वेळ आली तेव्हा माझा गळा दाटला. म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण सांगलीच्या गणपती पेठेतल्या बाकीच्या व्यापाऱ्यांनाही हे कळावं.

2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. दुकानातलं पाणी ओसरलं तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतल्या ऑर्डर बुकांचा लगदा झाला होता. तुम्ही गच्चीवर चादरी अंथरून एकेक पान सोडवत बसलात. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणालात, "दादा, हे पुन्हा नको." त्यानंतर मी स्कॅनर आणला.

आणि तिथंच चुकलो. पोरांनी महिनाभर कागद स्कॅन केले, पण हवा तो एकही सापडेना. मशीननं दिलेले आकडे हीच फायलींची नावं. कपाटातला गठ्ठा कॉम्प्युटरमध्ये गेला, एवढंच झालं होतं.

ते काम तुम्ही अंगावर घेतलंत. आधी ऑर्डरला क्रमांक, मग कागद. दुकानदाराची ऑर्डर, चलन, बिल, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती, सहीची पोच, सगळं त्या एका क्रमांकाखाली. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप ओळीनं लागते. आपल्याकडे 'महालक्ष्मी' नावाची पाच दुकानं, म्हणून नावापुढे जीएसटी क्रमांक. हे कुठल्या सॉफ्टवेअरवाल्यानं सुचवलं नव्हतं. बाबांच्या काळापासून तुम्ही कागद शोधत आलात. तो कुठं हरवतो हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

जतची ती ऑर्डर मला अजून टोचते. ऑर्डर बुकाच्या गुलाबी प्रतीवर कार्बन फिका उमटला आणि गोडाऊनमधून 90 मिलिमीटरचा पाइप 6 किलो दाबाच्या ऐवजी 4 किलो दाबाचा गेला. मोटर सुरू केल्यावर तो फुटला, डाळिंबाच्या बागेचं पाणी चार दिवस खोळंबलं. माल परत घेतला, पैसेही परत केले, पण ते चार दिवस त्या शेतकऱ्याला कोण देणार? आता सेल्समन दुकानदाराच्या समोरच मोबाईलवर ऑर्डर भरतो आणि गोडाऊनला ती त्याच क्षणी दिसते. पाइपचे किलो निवडल्याशिवाय ऑर्डर पुढेच जाऊ नये, हा हट्ट तुमचा.

सुरुवातीचे तीन महिने बुक आणि मोबाईल दोन्ही चालू ठेवायला लावलंत. सेल्समन कुरकुरले. खरं सांगतो, मलाही ते दुप्पट काम वाटलं. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी दोन्ही ताडून पाहायचात आणि फरक दिसला की त्या सेल्समनला लगेच फोन लावायचात. रागावून नाही, समजावून. म्हणून तर तेही टिकले.

मागच्या वर्षी 2020 मधल्या एका मालाच्या पोचेची विचारणा झाली. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावे लागतात. पूर्वी अशी विचारणा आली की आपली दोन दिवसांची झोप जायची. या वेळी पोच लगेच निघाली. सहीची मूळ प्रत तुम्ही फेकू दिली नव्हती, तीही माळ्यावर क्रमांकाप्रमाणे होती.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा पेठेत शिरलं. आम्ही माल वर चढवत होतो. रात्री तुमचा फोन आला: "डिस्क विश्रामबागेत माझ्या कपाटात आहे. कागदांची काळजी सोडा, माणसं वर घ्या." त्या फोननं किती धीर आला, हे तुम्हाला आजवर सांगितलंच नव्हतं.

डिस्क अजून तुमच्याच कपाटात आहे. पावसाळ्याआधी नवी प्रत घेऊन येतो. काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
दादा