उलटा हात हबवर ठेवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, ठाऊक आहे. इंग्रजीतलं कार्ड तुम्हाला पोचलं, तुमचा फोनही येऊन गेला. पण त्या कार्डात जे मावलं नाही ते माझ्या भाषेत लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. नाव कुठे छापू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका म्हणते.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला हायवे २०. कोडी गाव मागे पडून दहाएक मिनिटं झाली असतील. दोन्ही अंगांना सँडहिल्स, म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, सावलीला झाड नाही. आरशात पाहिलं तर मागे जोडलेल्या ट्रेलरचं डावं चाक डुलतंय आणि जळक्या ग्रीसचा वास येतोय. गोल्डविंग, म्हणजे माझी होंडाची मोटरसायकल, हळूहळू कडेला घेतली. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बाटलीतलं पाणी ओतलं तर तव्यावर पडल्यासारखं चुरचुरलं.

हा छोटा कॅम्पर ट्रेलर आम्ही हौसेखातर घेतलेला नाही. नवऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्याला जमिनीवर झोपता येत नाही, झोपला तर उठता येत नाही. तंबू सुटला तशी आमची भटकंती सुटली होती. कॅम्परमधला पलंग गुडघ्याच्या वर असतो, म्हणून तो माझ्या मागे बसून पुन्हा निघू शकला. ते चाक निखळलं असतं तर आमचं फिरणं तिथेच संपलं असतं.

आणि काका, हे टाळता आलं असतं. निघण्याच्या आठवडाभर आधी मी एका दुकानात पैसे मोजून दोन्ही चाकांची बेअरिंग धुऊन, नवं ग्रीस भरून द्यायला सांगितलं होतं. पावतीवर तसं लिहूनही मिळालं. तुम्ही हब उघडलात, तेव्हा आत काळी वाळकी खरड होती. त्या दुकानात झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. आठ इंची रिमचं चाक ताशी शंभर किलोमीटरला मिनिटाला १,३०० च्या आसपास फेऱ्या मारतं, मोटारीच्या चाकापेक्षा कितीतरी जास्त. त्याला वंगण नाही म्हणजे काय, हे त्या माणसांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. साताऱ्याकडे माझ्या आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. आख कोरडा ठेवून ते बैल कधी जुंपत नसत.

रस्त्यावरच्या मदतीसाठी आम्ही वर्षाला पैसे भरतो. तिथल्या माणसाने पाऊण तास फोन धरायला लावून सांगितलं की योजनेत मोटरसायकल बसते, ट्रेलर बसत नाही. वर ऐकवलं की मोटरसायकलला ट्रेलर लावायचाच नसतो, होंडाच्या पुस्तिकेतच तसं लिहिलंय. लिहिलंय, मी वाचलंय. म्हणूनच आमचं सामान मोजून भरलेलं असतं, जोडावरचा भार तोलून पाहिलेला असतो, मोटरसायकल कलली तरी ट्रेलर सरळ राहील अशी फिरती कडी लावलेली असते. पण भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बाईला हे सांगून काय साधलं?

मग तुमचा जुना पिकअप थांबला. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ते ‘पाणी आहे का?’ आमच्या गावाकडेही वाटसरूला आधी हेच विचारतात. नवऱ्याला सावलीत बसायला पिकअपचं दार उघडून दिलंत आणि मग माझ्याकडे वळून ‘चालवतेस तू ना? मग सांग, आधी काय जाणवलं?’ असं विचारलंत. त्या दुकानातला माणूस सगळा वेळ माझ्या नवऱ्याशी बोलत होता. तुम्ही पाना माझ्या हातात दिलात.

व्हॅलेंटाइन गावातलं सुट्या भागांचं दुकान सहाला बंद होतं आणि तिथलं घड्याळ तुमच्याकडच्यापेक्षा एक तास पुढे. मला वाटत होतं दीड तास हातात आहे, खरं तर अर्धा तासच होता. तुम्ही फोन करून दुकान उघडं ठेवायला लावलंत. बोटीच्या ट्रेलरचीच बेअरिंग याला बसतात म्हणालात, आणि दीडशेएक किलोमीटर जाऊन-येऊन घेऊनही आलात. चाकाच्या आखावर उठलेला चरा कानशीने इतक्या हळू घासलात की मला आईचं सुरीला धार लावणं आठवलं. त्यापुढचं सांगत बसत नाही. चाक बसलं, हाताने फिरवलं, आवाज नाही.

मला सांगायचंय ते त्याच्या नंतरचं. तुम्ही घरी जाऊ शकला असता. ऊन कलत होतं, तुमची गुरं वाट बघत होती. तरी इंडिकेटर लावून तुम्ही पुढच्या मेरिमन गावापर्यंत आमच्या मागे आलात. तिथे उतरलात, हातमोजा काढलात आणि उलटा हात आधी उजव्या हबवर ठेवलात, मग डाव्या. तळहात नाही, उलटा हात. पोराच्या कपाळावर ताप बघताना आई ठेवते तसा. मग माझं मनगट धरून माझा हात तिथे ठेवलात. ‘दोन्ही सारखे लागतात का बघ. कोमट चालेल, चटका नको. थांबशील तिथे बघत जा.’ एवढंच. पैसे पुढे केले तर माझी मूठ मिटवलीत.

माझा बांध फुटला तो तिथे. दिवसभर सगळ्यांनी आम्हाला शहाणपण शिकवलं होतं. तुम्ही मला माझी गाडी परत दिलीत, तिची तब्येत कशी बघायची त्यासकट. चांगुलपणाला वेळ लागतो, पेट्रोल लागतं, हात काळे होतात, आणि तरी काही माणसं कसलाही गाजावाजा न करता तो करत राहतात. अशी माणसं मला साताऱ्यातही भेटली आहेत, शिकागोतही. त्या दिवशी मला त्यांची फार गरज होती, आणि तुम्ही आलात.

चॅड्रनच्या कॅम्पमध्ये पोचेपर्यंत मी आणखी दोनदा थांबले. रात्री नवरा कॅम्परमध्ये आडवा झाला, तेव्हा मी टॉर्च घेऊन पुन्हा बाहेर आले, चिखलात गुडघे टेकून आधी उजवीकडे हात लावला, मग डावीकडे. दोन्ही गार होते.

तुमची,
साताऱ्याची मोटरसायकलवाली