बचावपटूंच्या सरावात नजरेलाही स्थान हवे

महोदय,

उन्हाळी फुटबॉल शिबिरांत बारा-चौदा वर्षांच्या मुलांना जमिनीवर पसरलेल्या दोरीच्या लॅडरमधून खाली मान घालून भराभर पळताना मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. या सरावाने पायांची लय सुधारते, हे खरे. परंतु बचावफळीत खेळणाऱ्या मुलाची खरी गरज त्याने भागत नाही, कारण लॅडरमधले पुढचे पाऊल आधीच ठरलेले असते आणि सामन्यात ते समोरचा आक्रमक ठरवतो.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या आधाराने वाढला, म्हणून कुस्तीतला पवित्रा येथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बचावपटूचा पवित्राही तसाच असावा: गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर, अंग थोडे तिरके आणि नजर चेंडूवर. आक्रमकाच्या खांद्याच्या किंवा पायाच्या हुलीला फसायचे नाही. बाजूला सरकताना पायांची कात्री झाली की मुलगा त्याच क्षणी हरतो. आक्रमक पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे निघाला, तर त्या बाजूचा पाय मागे टाकून कंबर वळवायची आणि सरळ धावत सुटायचे. उलट्या पावलांनी त्याला गाठता येत नाही. ही एक वळण्याची क्रिया आमच्याकडे फारच कमी घोटून घेतली जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

यासाठी जोडीचा ‘आरसा’ सराव उत्तम. एकाने चार-पाच मीटरच्या पट्ट्यात हवे तसे हलायचे, दुसऱ्याने समोरून त्याचा माग ठेवायचा. प्रशिक्षकाने ऐनवेळी रंग पुकारावा आणि मुलांनी त्या रंगाच्या शंकूकडे झेपावावे. प्रत्येक फेरी पाच-सहा सेकंदांचीच असावी आणि मध्ये पुरेशी विश्रांती द्यावी. शरीर तापवून झाल्यावर लगेच, मुले ताजीतवानी असतानाच हा सराव घ्यावा. दमलेल्या पायांना चपळाई शिकवता येत नाही, चुकीची सवय मात्र लागते. आपल्या कडक, खडबडीत मैदानांवर तर घोटा मुरगळण्याचा धोकाही असतो.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात, ज्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही भारतीय संघात होता, कोलंबियाविरुद्ध जिकसन सिंगने ८२व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि पुढच्याच मिनिटाला आपल्यावर गोल झाला. त्या मुलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण खेळ पुन्हा सुरू होताच पवित्र्यात येणे हीसुद्धा लहानपणापासून अंगवळणी पाडायची गोष्ट आहे.

शाळा, तालमी आणि शिबिरांच्या संयोजकांनी दररोज पंधरा मिनिटे केवळ बचावपटूंसाठी राखून ठेवावीत, अशी माझी विनंती आहे. त्याला चार रंगीत शंकू, एक शिट्टी आणि लक्ष देणारा प्रशिक्षक एवढेच लागते.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर