बोगदा खालून जाताना रहिवाशांना भूजलाचे आकडेही द्या

महोदय,

वस्तीखालून बोगदा जाणार म्हटले की सारी चर्चा हादऱ्यांची होते. रात्री मांडणीतली भांडी किणकिणली की लोक धास्तावतात, आणि अधिकारी ‘हादरे मर्यादेत आहेत’ असे सांगून विषय मिटवतात. घराच्या पायाला खरी इजा मात्र बहुतेकदा आवाज न करता होते, आणि तिची मोजमापे त्या घरात राहणाऱ्यांना दाखवली जात नाहीत. हे पत्र त्यासाठीच.

बोगदा खणताना त्याच्या आकारापेक्षा थोडी जास्त माती निघतेच. यंत्राच्या तोंडाशी ती आत सरकते; शिवाय यंत्राचे कवच पुढे गेले की मागे बोगद्याला अस्तर म्हणून बसवलेल्या काँक्रीटच्या गोल कड्यांभोवती फट उरते. ती लगेच ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरली नाही, तर वरची माती तिथे उतरते आणि जमिनीवर उथळ खळगा पडतो. मृदा अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये या खळग्याचा घंटेसारखा आकार मांडला. आजही पहिला अंदाज त्यावरूनच बांधतात. चिकणमातीत २० मीटर खोल, ६ मीटर व्यासाचा बोगदा घ्या. एक टक्का माती जास्त निघाली, तर बोगद्याच्या बरोबर वर जमीन सुमारे ११ मिलिमीटर खचेल आणि खळगा दोन्ही बाजूंना २५ ते ३० मीटर पसरेल.

अकरा मिलिमीटर ऐकून कोणीही निर्धास्त होईल. अख्खे घर तेवढेच खाली बसले तर काही बिघडतही नाही. पण खळग्याच्या उतारावर उभ्या घराचा एक कोपरा बसतो, दुसरा जागीच राहतो. त्यातही खळग्याच्या कडेला, जिथे जमीन वर फुगीर असा बाक घेते, तिथली घरे अधिक सोसतात: भिंत वरून ताणली जाते आणि वर रुंद, खाली निमुळता असा तडा जातो. विटांच्या जुन्या लोड बेअरिंग (घराचा भार वाहणाऱ्या) भिंतींना हा ताण पेलत नाही. मूळ घर उथळ पायावर आणि वाढवलेली खोली पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, असेल, तर दोघांच्या सांध्यावरच भेग पडते.

याहून मोठी काळजी पाण्याची. बोगद्यात पाणी झिरपू लागले की भोवतालची भूजलपातळी उतरते, मऊ चिकणमाती दबत जाते, आणि हा परिणाम त्या खळग्याच्या कितीतरी पलीकडे पोहोचतो. वाळूत तर पाण्याबरोबर मातीच वाहून येते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी कोलकात्यातील बोबाजारखाली मेट्रोचे यंत्र पाणी भरलेल्या थरात शिरले. वरची घरे कोसळली, शेकडो लोकांना राहती घरे सोडावी लागली. पुढे २०२२ मध्येही त्याच भागातील घरांना तडे गेले.

हे टाळता येते. लंडनमध्ये जुबिली लाइनच्या वेस्टमिन्स्टर स्थानकाचे खोदकाम बिग बेनच्या मनोऱ्याशेजारीच झाले. मनोऱ्याचा कल सतत मोजत राहिले आणि तो वाढू लागला की पायाखालच्या मातीत नळ्यांतून ग्राउट सोडून आवरला. मोजले म्हणून आवरता आले.

म्हणून माझी मागणी आहे की खोदकामापूर्वी प्रत्येक घराची छायाचित्रांसह तपासणी व्हावी आणि तिची सही केलेली प्रत घरमालकाला मिळावी. नाहीतर तडा जुना की नवा, हा वाद कधीच सुटत नाही. भिंतींचा कल, पायाच्या वेगवेगळ्या बिंदूंवरचे खचणे आणि पिझोमीटरवरची (जमिनीतले पाणी मोजणाऱ्या उपकरणावरची) भूजलपातळी यांच्या नोंदी इमारतीच्या फलकावर रोज लागाव्यात, आणि काम कोणत्या आकड्याला थांबेल तेही त्यावर आधीच लिहिलेले असावे. यंत्र पुढे गेले म्हणून मोजणीही थांबू नये. चिकणमाती पाणी सोडत वर्षानुवर्षे बसत राहते. भूजलपातळी स्थिरावून खचणे थांबल्याचे नोंदींतून दिसेपर्यंत मोजणी चालू ठेवण्याची अट कंत्राटातच हवी.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता