अपूर्णांकांच्या वर्गासाठी पाठकोरे कागद आणि आठवड्याचे दोन तास हवे आहेत

पाचवीच्या मुलांना हे उदाहरण घालून पाहा. एका मुलीने पुस्तकाचा १/४ भाग सोमवारी वाचला, उरलेल्याचा २/३ भाग मंगळवारी. आता ३० पाने राहिली. पुस्तक किती पानांचे? समच्छेद करून बिनचूक बेरीज करणारी मुलेसुद्धा इथे १/४ आणि २/३ मिळवतात, ११/१२ काढतात, १/१२ म्हणजे ३० धरतात आणि ३६० लिहून मोकळी होतात. आकडेमोड बरोबर आहे. पहिला अपूर्णांक अख्ख्या पुस्तकाचा आणि दुसरा उरलेल्याचा, एवढेच निसटले. ‘उरले की वजाबाकी’ अशा खुणा पाठ करवल्या की हा घोळ वाढतोच.

कागदाची पट्टी हातात आली की तो दिसतो. २४ सेंमीच्या पट्टीचे चार भाग करा, एक फाडून बाजूला ठेवा. उरलेल्या तिनांपैकी दोन रंगवा. राहिला एक, तो ३० पानांचा. म्हणून पुस्तक १२० पानांचे.

आता आधी १/३, मग उरलेल्याचा ३/४, आणि राहिली १५ पाने. हातात दोनच भाग असतात आणि करायचे असतात चार. मूल इथे अडते, आणि त्याला इथेच अडू द्यायला हवे. घाईने उत्तर सांगितले तर सगळे फुकट. शेजारी बसून ‘हे कशाचे ३/४?’ एवढेच विचारणारे माणूस हवे.

आमच्या अभ्यासिकेत ४० मुलांसाठी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा तासभर हा वर्ग घेणार आहोत. पाच मुलांमागे एक, असे आठ स्वयंसेवक लागतील. गैरहजेरी धरून दहा. दर तासाला तीन उदाहरणे, प्रत्येकाला दोन पट्ट्या, म्हणजे एकूण ५,७६० पट्ट्या. एका ए-फोर कागदातून ३ सेंमी रुंदीच्या सात निघतात. घड्या चुकणारच, त्यामुळे ९०० पाठकोरे कागद द्या. शिवाय ४० पट्ट्या (मोजायच्या), बोथट टोकाच्या आठ कात्र्या आणि रंगीत पेन्सिली. प्लास्टिकच्या गोल चकत्या मात्र नकोत. वर्तुळावर ‘उरलेल्याचा भाग’ पाडणे मुलांना फार जड जाते.

कागद कोणत्याही संध्याकाळी अभ्यासिकेत आणून द्यावेत. शिकवायला येणाऱ्यांनी दुसरे उदाहरण ‘क्ष’ न धरता, पट्टीवर सोडवून यावे.