अंगावरचे लाल ठिपके : आधी ओळख, मग मलम (आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र)

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करताना एक तक्रार मी सतत ऐकतो : “अंगावर लाल ठिपके आलेत, कशाने आले ते कळत नाही.” आमच्याकडे पोहोचेपर्यंत अशा रुग्णाला कुणी पित्त उठले असेल म्हणून गोळी दिलेली असते, कुणी ॲलर्जी म्हणून मलम दिलेले असते, पण त्या ठिपक्यांवर बोट दाबून पाहिल्याचे क्वचितच आढळते. ही एवढीशी तपासणी आणि तिच्यामागची समज प्राथमिक पातळीवरच्या प्रत्येक आरोग्य कर्मचाऱ्याला मिळावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

त्वचेवर लाली येण्याची कारणे शेकड्यांनी असली, तरी पहिला प्रश्न एकच असतो : रक्त वाहिन्यांच्या आत आहे की बाहेर? वाहिन्या केवळ रुंदावल्या असतील तर दाबल्यावर त्यांतले रक्त बाजूला सरते, लाली जाते आणि दाब काढताच परत येते. पित्ताच्या गांधी, गोवर, विषाणूंच्या तापात येणारे पुरळ आणि औषधांच्या ॲलर्जीचे बरेचसे पुरळ असे असते. रक्त वाहिनीबाहेर झिरपले असेल, तर मात्र कितीही दाबले तरी ठिपका पुसट होत नाही. पारदर्शक काचेचा पेला त्वचेवर घट्ट टेकवून त्यातून पाहिले की हा फरक सहज दिसतो. न पुसणारे हे ठिपके बहुधा दोन मिलिमीटरहूनही लहान आणि सपाट असतात. त्यांवरून बोट फिरवले तर हाताला काही लागत नाही. नडगीवर, मोज्याचे इलॅस्टिक रुतते त्या जागी किंवा तोंडात टाळूवर ते अनेकदा आधी दिसतात. ते खाजत नाहीत, दुखत नाहीत, म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि नेमके तिथेच दिवस वाया जातात.

या ठिपक्यांमागे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी झालेल्या असू शकतात. निरोगी माणसात त्या दर मायक्रोलिटर रक्तात साधारण १.५ ते ४.५ लाख असतात. डेंग्यूत त्या घटतात. लहान मुलांत कधी कधी एखाद्या विषाणू संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांचा नाश करते, आणि हा आजार बहुतेक मुलांत सहा महिन्यांच्या आत बरा होतो. पण रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असू शकते. ठिपके फुगीर, हाताला लागणारे असतील आणि सोबत पोटदुखी, सांधेदुखी असेल, तर बारीक रक्तवाहिन्यांना सूज आलेली असण्याची शक्यता असते. मुलांत दिसणाऱ्या अशा एका आजारात, आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये, ठिपके गेल्यावरही मूत्रपिंडांसाठी काही महिने लघवी तपासत राहावे लागते. मेंदूज्वर घडवणाऱ्या मेनिंगोकोकस जंतूंच्या संसर्गात तर प्रश्न तासांचा असतो. इथे एक सावधगिरी प्रशिक्षणात ठळकपणे सांगितली गेली पाहिजे : या संसर्गात सुरुवातीचे पुरळ दाबल्यावर नाहीसेही होऊ शकते. ताप आहे, मूल ग्लानीत आहे, हातपाय गार पडले आहेत किंवा मान ताठली आहे, अशा वेळी काचेखाली ठिपका पुसट झाला म्हणून कुणी घरी पाठवू नये.

दुसऱ्या बाजूने, न पुसणारा प्रत्येक ठिपका घातक नसतो, हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवायला हवे. जोराचा खोकला किंवा उलट्यांनंतर फक्त चेहऱ्यावर आणि मानेवर उठलेले बारीक ठिपके, बाकी प्रकृती चांगली असेल तर, आपोआप जातात. तिशीनंतर छाती-पोटावर येणारे लालभडक, गोलसर ठिपके म्हणजे रक्तवाहिन्यांच्या निरुपद्रवी गाठी असतात. त्यांना उपचार लागत नाही. पायांवर तिखट भुरभुरल्यासारखे दिसणारे शाम्बर्ग आजाराचे ठिपके वर्षानुवर्षे राहतात, पण रक्ताला काही झालेले नसते. हे समजावून सांगणारे कुणी भेटले नाही, की माणसे महिनोन्महिने धास्तावून राहतात. गांधींची परीक्षाही अशीच सोपी आहे : एका गांधीभोवती पेनाने रेघ ओढावी, गांधी २४ तासांनंतरही त्याच जागी असेल, तर ते साधे पित्त नव्हे.

सावळ्या आणि काळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळपट दिसते. म्हणून तळहात, तळपाय, तोंडातील टाळू आणि खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी लागते. पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रे मात्र मुख्यतः गोऱ्या त्वचेची असतात, आणि त्यांवरून शिकलेल्या नजरेला इथे पुरळ दिसतच नाही. याला मी शिक्षणातला गंभीर अन्याय मानतो.

आता मलमांबद्दल. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सर्रास विकली जातात. गजकर्णावर ती लावली की खाज थांबते, त्यामुळे गुण आला असे वाटते. प्रत्यक्षात बुरशी पसरत राहते, कड्याची ओळखीची खवलेदार कड पुसली जाते आणि नंतर तज्ज्ञालाही निदान अवघड होते. महिनोन्महिने वापर झाला तर त्वचा पातळ होते आणि तिच्यावर बारीक लाल वाहिन्यांची जाळी कायमची उमटू शकते, म्हणजे लाल डागांवरचे औषधच नवे लाल डाग देते. स्टेरॉइड हे उत्तम औषध आहे, योग्य आजारात मी ते रोज लिहून देतो. माझा आक्षेप निदानाआधी लावल्या जाणाऱ्या मलमाला आहे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोगांना सार्वजनिक आरोग्याचा प्राधान्यविषय मानणारा ठराव संमत केला. त्याला अनुसरून आपण प्राथमिक आरोग्य कर्मचारी आणि औषध विक्रेते यांच्या प्रशिक्षणात काचेची तपासणी, तिच्या मर्यादा आणि सर्व वर्णांच्या त्वचेची छायाचित्रे समाविष्ट करावीत. न पुसणारे नवे ठिपके दिसलेल्या रुग्णाची रक्तगणना त्याच दिवशी होईल आणि अहवालही त्याच दिवशी हाती येईल, अशी व्यवस्था करावी. ताप किंवा ग्लानी असेल तर अहवालाची वाट न पाहता त्याला थेट रुग्णालयात पोहोचवले जावे. नवे औषध सुरू झाल्यावर लाल डागांसोबत तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, तर तेही तातडीचे मानले जावे. आणि स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमांची चिठ्ठीविना विक्री थांबवण्याची जबाबदारी एका निश्चित अधिकाऱ्याकडे द्यावी. प्रशिक्षणाचा मजकूर तयार करण्यासाठी लागेल तेवढा वेळ द्यायला माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक त्वचारोगतज्ज्ञ