पॉट्सडॅमचे गोल टेबल

पॉट्सडॅम,
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल इथला त्सेत्सिलिएनहोफ राजवाडा पाहून आले. १९४५ साली १७ जुलैपासून २ ऑगस्टपर्यंत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन, सोव्हिएत नेते स्टालिन आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल ज्या दालनात बैठकीला बसले होते, तिथे उभी असताना मला सारखी आजोबांची आठवण येत होती, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अंगणात लाल फुलांचा मोठा तारा आहे. बैठकीच्या वेळी सोव्हिएत सैन्याने तो लावला होता. आत लाल कापडाने झाकलेले, मॉस्कोहून खास बनवून आणलेले गोल टेबल आहे. त्याचा व्यास जेमतेम तीन मीटर, म्हणजे समोरच्याच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसावी एवढाच. निवडणूक हरल्यामुळे चर्चिल यांच्या जागी मध्येच नवे पंतप्रधान ॲटली आले, तरी बैठका चालू राहिल्या. युद्धासाठी पंचवीस लाख सैनिक देणाऱ्या हिंदुस्थानला मात्र तिथे खुर्ची नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

जर्मनी मे महिन्यातच शरण आला होता. जपान अजून लढत होता. रंगून परत घेतल्यावर मलायात उतरण्याची तयारी चालली होती, आणि आजोबा तेव्हा मराठा पलटणीबरोबर ब्रह्मदेशातच होते. या टेबलाशी त्यांचे नाते होते ते एवढेच, पण माझ्या मते ते फार मोठे होते.

२६ जुलैला अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांच्या नावे जपानला शरणागतीचे आवाहन करणारा जाहीरनामा निघाला. जपानात दहा वर्षे अमेरिकेचे राजदूत राहिलेले जोसेफ ग्रू आणि अमेरिकेचेच युद्धमंत्री स्टिमसन यांचे म्हणणे होते की, सम्राटाचे घराणे घटनात्मक राजपद म्हणून राहू शकेल, असे त्यात स्पष्ट लिहावे. मसुद्यात तसे वाक्य होतेही. शेवटी ते गाळण्यात आले. जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो त्याच दिवसांत मॉस्कोतील आपल्या राजदूतामार्फत सोव्हिएत मध्यस्थीसाठी धडपडत होते, आणि ज्यांच्याकडे मध्यस्थी मागितली होती ते स्टालिन तर याच टेबलाशी बसलेले होते.

पुढे ६ ऑगस्टला हिरोशिमा, ८ तारखेला सोव्हिएत युद्धघोषणा, ९ ला नागासाकी. त्यानंतरही जपानच्या सहा जणांच्या युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन अशीच फूट होती, त्यामुळे ते एक वाक्य राहिले असते तर युद्ध नक्की थांबले असते, असे मी म्हणणार नाही. पण १० ऑगस्टला जपानने शरणागती कळवली ती सम्राटाच्या अधिकारांना धक्का लागू नये या एकाच अटीवर, आणि अखेर सम्राट गादीवर राहिलाच. मग जे नंतर चालले, ते आधी लिहून पाहायला काय हरकत होती, हा प्रश्न मला काल रात्रभर सोडत नव्हता.

आजोबांची जुनी पत्रे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असतील. त्यांत १९४५ च्या जुलै-ऑगस्टमधले एखादे सापडले, तर त्याचा फोटो कृपया पाठवावा. त्या दिवसांत ते नेमके कुठे होते, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आईस साष्टांग नमस्कार.

आपली लाडकी लेक